वाघावर इस्त्री

आमच्या घरात बंदूक आहे असे सांगितले की ऐकणारा दोन पावले मागे सरकतो. ती दाखवली की पुढे येतो आणि दबक्या आवाजात विचारतो, "हिची तब्येत बरी नसते का?"

विचारणाऱ्याचा दोष नाही. नळ्या आणि घोडे अजून ठणठणीत आहेत, पण मागचा लाकडी दस्ता पाहवत नाही. चापाच्या मागे, जिथे लाकूड मनगटाएवढे बारीक होते आणि जिथे हाताची पकड बसते, तिथे ते उभे पिचलेले. त्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. तारेवर सायकलच्या ट्यूबची पट्टी. पट्टीवर दर खंडेनवमीला वाहिलेल्या हळदकुंकवाचे थर. जुन्या घरांची डागडुजी आमच्याकडे याच पद्धतीने होते. आधीचे काढायचे नाही, वर आणखी एक चढवायचे.

बंदूक बारा बोअरची दुनळी. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. ही व्याख्या आमचे अण्णाकाका घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात. ती पूर्ण होईपर्यंत चहा येत नाही, त्यामुळे आमच्या पंचक्रोशीत ही माहिती सर्वांना तोंडपाठ आहे.

परवाना शेतीसंरक्षणाचा आहे. सिंधुदुर्गात माकडे आणि रानडुकरे यांच्यापासून माडा-भाताचे रक्षण व्हावे म्हणून तो आजोबांना मिळाला, आता काकांच्या नावावर आहे. माकडांना याची कल्पना आहे. काका बंदूक आणायला आत गेले की ती शहाळी उरकून घेतात आणि काका बाहेर आले की समोरच्या आंब्यावर ओळीने बसून बंदूक बघतात. २०१९ च्या कायदादुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच वर्षे झाली. दस्त्याची मुदत वाढवण्याचे मात्र कुणाला सुचले नाही.

उडवण्याचे काम फारसे नसल्यामुळे घरातल्या बायकांनी बंदुकीला इतर कामांना लावले होते. रात्री मागीलदाराला अडसर म्हणून ती लागायची. माळ्यावरची परात पुढे ओढायला ती, भिंतीत खुंटी ठोकायला तिचे बूड, पापडांवरचे कावळे हाकायला तिचा नुसता धाक. शिवाय निवडणुका. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, कुठलीही आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागल्यावर परत आणायची. आमच्या घराण्यात लोकशाहीसाठी इतक्या वेळा आत जाऊन आलेले दुसरे कुणी नाही.

यंदाच्या दसऱ्याला पुतण्याला काकांचा फोटो हवा होता. काकांनी धोतर सावरले, छाती फुगवली आणि बंदूक झोकात खांद्याला लावली. तारेने इतकी वर्षे धरलेला दम सोडला. बंदूक पुढे अंगणात गेली आणि दस्ता काकांच्या खांद्यावर राहिला. पुतण्याने तोही फोटो काढला आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. त्यावर मुंबईच्या चुलतभावाने "अभिनंदन" असे लिहिले, कारण तो न पाहता अभिनंदन करतो.

त्या संध्याकाळी घरात जी सभा बसली, तिच्यात लाकडाविषयी काहीही माहीत नसलेला एकच माणूस होता, तो मी. बाकी सगळे जाणकार होते. कुणी फेविकॉल सुचवले, कुणी एम-सील, कुणी तार बदलून जाड घ्या म्हणाले. गावातल्या सुताराला बोलावले. त्याने आयुष्यभर पाट, पाळणे आणि खाटा केल्या आहेत, त्यामुळे कुठलेही लाकूड त्याच्या हातात आले की त्याला त्यात खाटेचा खूर दिसतो.

"ह्यां लाकूड मेलां," तो म्हणाला. "नवो दस्तो करूया. फणसाचो करतंय, नातवाक सुदीक पुरतलो."

"हे अक्रोडाचे आहे," काका ताठ होऊन म्हणाले. "साहेबी लाकूड."

"अक्रोड?" आत्या आतून बाहेर आली. तिला अक्रोड हे लाडवात घालण्यापलीकडे कशाला लागते हे माहीत नव्हते. तिने पिचलेल्या दस्त्याकडे पाहिले आणि एवढी महागाची वस्तू आपण दाराला लावत होतो याचे तिला पहिल्यांदाच वाईट वाटले.

चुलतभाऊ फोनवरून म्हणाला की सावंतवाडी जवळच आहे, चितारआळीत लाकडी खेळणी करणाऱ्यांकडून लाखेचा रंग देऊन घ्या, लाल-पिवळा उठून दिसेल. याला सगळे हसले. मी हसलो नाही, कारण त्या रात्री मी १९५९ चा शस्त्र अधिनियम काढून बसलो होतो. शस्त्र कशाला म्हणायचे याची त्यात व्याख्या आहे, आणि व्याख्येतून काय वगळायचे तेही आहे: केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापराच्या वस्तू, जशी लाठी किंवा साधी हातातली काठी, आणि खेळण्याखेरीज दुसऱ्या कशासाठीही वापरता न येणारी हत्यारे. आमच्या बंदुकीचा आजवरचा वापर पाहता ती पहिल्या वगळणुकीत सहज बसली असती. वरून लाल-पिवळा रंग दिला असता तर दुसरीतही शंका राहिली नसती. पण कायदा वस्तू कशासाठी बनवली ते विचारतो, घरच्यांनी तिचे काय केले ते विचारत नाही. बंदूक दुरुस्त करायलासुद्धा परवाना लागतो हेही त्याच कायद्यात आहे, त्यामुळे सुताराचा प्रश्न आपोआप मिटला आणि आम्ही कोल्हापूरचा रस्ता धरला. परवाना काकांच्या नावावर, म्हणून बंदुकीबरोबर काकांनाही न्यावे लागले. दोघांपैकी बंदुकीने प्रवासात कमी त्रास दिला. आंबोली घाटात तिला मळमळले नाही.

कोल्हापूरचे मिस्त्री वयस्कर, कमी बोलणारे आणि नाकावर चष्मा लावणारे. त्यांनी बंदूक आडवी घेतली, तार सोडवली, ट्यूब कापली आणि सुटलेला दस्ता नाकाशी नेला. डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला.

"खोबरेल," ते म्हणाले.

काका अभिमानाने म्हणाले, "दर वर्षी. वडिलांपासून. वाटीभर."

"कशी उभी ठेवता?"

"नळ्या वर. देवघराच्या कोपऱ्यात."

मिस्त्रींनी चष्मा काढला. "पाव्हणं, हे लाकूड हाय का लोणचं?"

मग त्यांनी जे सांगितले ते ऐकताना काका हळूहळू खुर्चीत खाली जात होते. लोखंडाला दिलेले तेल, बंदूक नळ्या वर करून ठेवली, तर ओघळत खाली येते आणि दस्त्याच्या तोंडाशी, नेमके जिथे लाकूड आणि लोखंड एकमेकांत बसते तिथे, मुरते. वर्षानुवर्षे मुरले की लाकूड काळे पडते, मऊ होते आणि धक्का सोसत नाही. त्यातून खोबरेल कधी वाळतच नाही. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, लाकडात आपला पडदा धरते. खोबरेल वर्षभर तसेच ओले राहून पुढच्या वर्षीच्या वाटीची वाट पाहते. म्हणजे आमच्या पूर्वजांनी बंदुकीला पूजेनेच खाल्ले होते. शत्रूच्या हातात ती दिली असती तर इतके नुकसान झाले नसते, कारण शत्रू वर्षातून एकदा नेमाने येत नाही.

पकडीवरच्या जाळीदार नक्षीत, जी हात घसरू नये म्हणून कोरलेली असते, कुंकू घट्ट बसले होते. मिस्त्री जुन्या टूथब्रशने ते काढू लागले. आधी लाल, मग पिवळे, मग पुन्हा लाल. एका थरात तांदळाचा दाणा निघाला. काकांनी तो रुमालात बांधून घेतला.

पण खरा आघात पुढे होता. आमच्या बंदुकीवर, नळ्यांच्या खालच्या अंगाला, राजमुकुट आहे आणि मुकुटाखाली इंग्रजीत एन. पी. अशी अक्षरे आहेत. आमच्या आजोबांच्या नावाआडनावाची आद्याक्षरेही तीच. बेळगावच्या कुणा साहेबाने आजोबांच्या शौर्यावर खूश होऊन, मुकुटाखाली त्यांचे नाव कोरून ही बंदूक भेट दिली, हा इतिहास आमच्याकडे तीन पिढ्या शिकवला जातो. काकांनी तो मिस्त्रींना सांगितला, साहेबाच्या मिशीसकट.

मिस्त्रींनी ऐकून घेतले. मग कपाटातून दुसरी एक बंदूक काढली, उलटी केली आणि काकांच्या पुढ्यात धरली. मुकुट. खाली एन. पी.

"नायट्रो प्रूफ," ते म्हणाले. "बिनधुराची दारू ही नळी सोसती का, याची चाचणी बर्मिंगहॅमात करून हा शिक्का मारायचे. १९०४ पास्नं."

काका बराच वेळ त्या दुसऱ्या बंदुकीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हीसुद्धा आमच्याच वडिलांची?"

ठरले ते असे. पीच मिस्त्री भरणार: आधी खडूची पूड लावून, ऊब देऊन मुरलेले तेल जमेल तेवढे बाहेर ओढायचे, मग चिरेत एपॉक्सी भरायचे, आत पितळेची बारीक सळई बसवायची आणि शिकंज्यात आवळून ठेवायचे. लोखंडी भाग त्यांच्याकडेच राहणार, त्याची नोंद त्यांच्या वहीत. राहिला वरचा हात: पोचे उठवणे, घासणे, तेल पाजणे. "त्येला लई दिवस लागत्यात," मिस्त्री म्हणाले. "माझ्याकडं टाकलं तर वरीस जाईल आन् मजुरी बंदुकीच्या किमतीवर जाईल. घरात कुणी रिकामं हाय का?"

काकांनी क्षणाचाही विलंब न लावता माझ्याकडे बोट केले. "हा बँकेतून निवृत्त झालाय."

जोडलेला दस्ता घ्यायला पुन्हा गेलो तो येताना एसटीने आलो. काकांचा परवाना आणि मिस्त्रींची चिठ्ठी खिशात, दस्ता वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या मांडीवर. त्या आकाराच्या वस्तूला बसमध्ये लोक सुखाने बसू देत नाहीत. एकाने हॉकीची काठी ओळखली. दुसऱ्याने सतारीचा तुंबा कुठे गेला असे विचारले. गगनबावड्याच्या बाजूची एक म्हातारी बराच वेळ कळवळून पाहत होती, तिने शेवटी विचारले, "पाय कुणाचा हाय, बाबा?" आणि काकांना खिडकीची जागा दिली. काका उतरेपर्यंत लंगडत होते.

सावंतवाडीच्या अलीकडे कंडक्टर आला.

"ह्यां काय आसा?"

"दस्तो," काका म्हणाले.

"कसलो?"

"बंदुकीचो."

"आणि बंदूक खय?"

"कोल्हापुराक."

कंडक्टरने थोडा विचार केला. "मग आर्धां तिकीट फाडू काय?"

पोचे उठवण्याची रीत साधी आहे. सुती कापड ओले करायचे, पोच्यावर ठेवायचे आणि वरून गरम इस्त्री टेकवायची. वाफ लाकडात शिरते, दबलेले तंतू फुगतात आणि खळगा वर येतो. "दबलेलं लाकूड वाफेनं उठतं, कापलेलं उठत न्हाई," एवढे मिस्त्रींनी बजावले होते. चरा किंवा ओरखडा असेल तर तंतू तुटलेले असतात. तिथे इस्त्रीचा उपयोग नाही, घासावेच लागते.

ही शास्त्रीय माहिती मी घरात सांगायला नको होती असे आता सगळ्यांचे मत आहे. कारण आमच्या दस्त्यावर नुसते पोचे नव्हते, प्रत्येक पोच्याला मालक होता. बुडाजवळचा गोल खळगा म्हणजे दरोडेखोराच्या डोक्याची खूण. त्याचे हक्क काकांच्या धाकट्या भावाकडे. टाचेवरची दातांची नक्षी म्हणजे कोल्ह्याने घेतलेला चावा. तो मुंबईच्या घराण्याचा. आणि डाव्या अंगावरचा लांबट खोलगट भाग हा सगळ्यांचा मुकुटमणी, म्हणजे वाघ. काडतुसे संपल्यावर आजोबांनी दस्त्यानेच वाघाला हाणले आणि वाघाने पंजा मारला, त्या पंजाची ती खूण. माझ्या वडिलांच्या कथनात हा वाघ बिबट्या होता. काकांच्या तोंडी येईपर्यंत त्याच्या अंगावरचे ठिपके लांबत लांबत पट्टे झाले होते.

इस्त्री करायचे जाहीर होताच सगळे जमले. धाकटे काका म्हणाले, बाकीचे उठव, दरोडेखोर राहू दे. मुंबईहून व्हिडिओ कॉलवर कोल्ह्याच्या बाजूने जोरदार मांडणी झाली. सुतार नुसता बघायला आला होता, त्याने टाचेवरचे दात नखाने चाचपले आणि म्हणाला, "कोलो खयचो? उंदीर आसा ह्यो. तेलाच्या वासान इलो." मुंबईचा फोन लगेच कट झाला; नेटवर्क गेले असे नंतर कळवण्यात आले.

अण्णाकाका मात्र निश्चिंत होते. "वाघाचो पंजो आसा तो," ते म्हणाले. "नखांनी लाकूड कापलेलां. मिस्त्रींनी काय सांगितला? कापलेलां उठत नाय. लाव इस्त्री. खुशाल लाव."

मी ओले फडके ठेवले. बायकोची इस्त्री, तीही "सुती"वर. चर्र आवाज झाला, वाफ उठली. फडके काढले. वाघ अर्धा झाला होता.

"परत लाव," काका म्हणाले, पण आवाज खाली आला होता.

परत लावली. पुन्हा लावली. वाघ गेला. लाकूड असे सपाट की वरून काचेची गोटी सोडली असती तर सरळ गेली असती. खोलीत कुणी बोलेना. काका भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोकडे पाहत होते, आणि मला वाटले, आजोबाही जरा दुसरीकडे पाहत होते. तेवढ्यात दारातून आत्या म्हणाली, "वाघ खयचो घेवन बसलात! माझ्या हातातसून वरवंटो पडलो तो. दारामागे बंदूक आडवी होती. आईच्या भियान बोललंय नाय."

"आणि इतकी वर्सां गप ऱ्हवलस?"

"तुमी इतक्या रंगान सांगत व्हतात," आत्या म्हणाली. "माका पण बरा वाटायचा."

घासण्याविषयी मी थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यात झाले नाही. पॉलिश पेपर आधी १२० नंबरचा, मग २२०, मग ३२०, मग ४००. घासायचे ते लाकडाच्या रेषांच्या दिशेने. मधे मधे ओले फडके फिरवायचे, म्हणजे लाकडाची लव उभी राहते. ती वाळली की पुन्हा घासायचे. पुन्हा ओले, पुन्हा उभी. लाकडाला इतके केस असतात हे मला माहीत नव्हते. मला स्वतःला इतके असते तर मी निवृत्तीनंतर घरात बसलोच नसतो. या काळात आमच्या ओटीवर आलेला कुठलाही माणूस रिकाम्या हाताने बसला नाही. पोस्टमनने २२० पुरा केला. ग्रामसेवकांनी घरपट्टीची थकबाकी विचारायला येऊन ३२० ला हात लावला आणि थकबाकी विसरून गेले. फक्त शेजारचे तात्या रेषांच्या आडवे घासत आणि "असेच घासतात" म्हणत. त्यांनी उमटवलेले ओरखडे काढायला बाकीचे सगळे लागत. प्रत्येक सार्वजनिक कामात असा एक तात्या असतो, तो नसेल तर इतरांत एकी कशी राहावी?

खालून मात्र अक्रोड बाहेर आला. काळ्या लोणच्याखालून तपकिरी, त्यात गडद धुरकट रेषा, वळणे घेत पकडीकडे गेलेल्या. सगळे थोडा वेळ चूप झाले. आत्याने कुठेतरी ऐकले होते की अक्रोडाच्या लाकडावर अक्रोडाचाच गर चोळला की बारीक ओरखडे बुजतात. हे खरे आहे, गरातले तेल ओरखड्यात बसते. मी अर्धा किलो अक्रोड आणले. दस्त्याला दोन लागले. उरलेल्यांचे काय झाले याची चौकशी बायकोने केली, पण पोस्टमनने मला साथ दिली.

मग तेल. मिस्त्रींनी जवसाचे सांगितले होते. किराणा दुकानात गेलो तर दुकानदाराने जवसाची चटणी दिली आणि कोलेस्टेरॉलवर व्याख्यान दिले. औषधी दुकानात घाण्याचे तेल मिळाले, त्याची किंमत पाहून मी ते दस्त्याऐवजी स्वतः प्यावे असा विचार केला. शेवटी रंगाच्या दुकानात बेलतेल मिळाले, म्हणजे उकळलेले जवसाचे तेल. त्यात वाळण्याला गती देणारी द्रव्ये असतात. कच्चे असते तर दिवसच्या दिवस चिकट राहिले असते. अर्थात कोकणातल्या दमट हवेत उकळलेलेही आपल्या सवडीने वाळते. पुतण्या म्हणाला, "काका, हे तर माझ्या बॅटचे तेल," आणि दुसऱ्या दिवसापासून बॅट आणि दस्ता शेजारी शेजारी टांगले जाऊ लागले. त्याच्या पहिल्याच सामन्यात तो शून्यावर बाद झाला, तेव्हा त्याने चुकून दस्ता नेला होता अशी अफवा उठली.

तेल देण्याचा जुना नियम मिस्त्रींनी मला पाठ करून घेतला होता: आठवडाभर रोज एकदा, मग महिनाभर आठवड्याला एकदा, मग वर्षभर महिन्याला एकदा, आणि त्यानंतर जन्मभर वर्षाला एकदा. तळहातावर थेंबभर घ्यायचा आणि हाताच्या उबेने चोळत राहायचे. मी सकाळी उठल्याबरोबर चोळायला बसू लागलो.

"रक्तदाबाची गोळी घेतलीत?" बायको विचारायची.

"विसरलो."

"याला बरे विसरत नाही. इतकी वर्षे संसार केला, कधी पाय चेपून दिले नाहीत."

"हा पाय नाही, दस्ता आहे."

"एसटीतल्या बाईला कळले, तुम्हाला नाही कळले."

तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, असेही मिस्त्रींनी सांगितले होते. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते. फडके दोरीवर पसरलेले असेल तर ती हवेत उडून जाते. बोळा करून ठेवले तर आतल्या आत साठते आणि काडी न ओढता ते पेट घेऊ शकते. म्हणून माझी जुनी गंजीफ्रॉके फाडून केलेली फडकी अंगणातल्या दोरीवर फडफडत असत. आमच्या तात्यांना स्वच्छतेची आवड. त्यांनी एका दुपारी, आम्ही झोपलेलो असताना, परोपकाराच्या भावनेने ती सगळी गोळा केली, दाबून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरली आणि पडवीत गोवऱ्यांच्या शेजारी ठेवली.

संध्याकाळी पडवीतून धूर आला. आत्याने हंडाभर पाणी ओतले, काकांनी "बंदूक आणा" असे ओरडून पाहिले, आणि सगळे निवल्यावर आम्ही त्या काळ्या बोळ्याभोवती उभे राहिलो. आमच्या बंदुकीने माझ्या हयातीत जितका धूर काढला नव्हता, तितका माझ्या बनियनने एका दुपारीत काढला होता. तात्या म्हणाले, "बघा, मी पिशवीत भरले म्हणून बरे झाले. दोरीवर पेटले असते तर?"

यथावकाश दस्ता तयार झाला. कोल्हापूरला नेऊन मिस्त्रींनी तो लोखंडावर चढवला, पीच शोधूनही सापडेना. घरी आणल्यावर बंदुकीची कामे बंद झाली. मागीलदाराला लोखंडी कडी आली. खुंटीसाठी हातोडी आली. परात कायमची माळ्यावर राहिली. कुणी हात लावायचा तर आधी धुवायचा, आणि ठेवायची ती नळ्या खाली करून. माकडे पहिल्या दिवशी जवळच्या फांदीपर्यंत येऊन बघून गेली.

आणि आचारसंहिता लागली.

काका आणि मी बंदूक घेऊन ठाण्यात गेलो. हवालदारांनी मागच्या निवडणुकीची नोंदवही काढली, बोट ठेवून वाचले आणि बंदुकीकडे पाहिले.

"ही ती नाही."

"नंबर बघा," मी म्हणालो. नंबर जुळला.

"नोंदीत 'दस्ता काळा, पिचलेला, तार गुंडाळलेली' असे आहे. हा तर बदामी आहे. आणि तार कुठे आहे?"

"दुरुस्त केला. मिस्त्रींची पावती आहे. तार काढून टाकली."

"काढून टाकली म्हणजे? जमा करताना होती, परत देताना होती. आता नाही म्हणजे ती गहाळ झाली. माझ्यावर येईल."

तार घरी होती. आत्याने त्या तारेने तुळशीवृंदावनाचा कठडा बांधला होता आणि तुळशीची तार कुणाला देणार नाही असे तिने फोनवर कळवले. बऱ्याच चर्चेनंतर हवालदारांनी नवा कागद घेतला आणि लिहिले: 'एक दुनळी बंदूक, दस्ता बदामी, चकचकीत, तार नसलेली.' चकचकीत या शब्दावर त्यांनी स्वतःहून रेघ मारली.

मी सही करत होतो तेवढ्यात काका टेबलावर वाकले. त्यांनी दस्त्याच्या डाव्या अंगावर, त्या गुळगुळीत सपाट लाकडावर, बोट ठेवले आणि आवाज खाली आणला.

"इथे वाघाचा पंजा होता. पट्टेरी. वडिलांनी दस्त्यानेच हाणला होता त्याला. आता दुरुस्तीत गेला, तुम्हाला दिसणार नाही."

हवालदारांनी चष्मा वर केला, बंदूक खिडकीकडे धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली.

"नाही कसा?" ते म्हणाले. "दिसतोय की. ही बघा चार नखे." आणि त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून दुसऱ्या शिपायाला हाक मारली, "अरे, इकडे ये, तुला वाघ दाखवतो."